पूर्वपक्ष मांडणार कोण?

जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे १ सप्टेंबर २०२३ रोजी उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि तेव्हापासून आरक्षणाच्या प्रश्नावर मराठवाडा जेवढा बोलला, तेवढा तो नामांतराच्या काळानंतर क्वचितच बोलला असेल. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, प्रतिमोर्चे आणि प्रतिउपोषणे झाली. २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य शासनाने हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा निर्णय काढला, तेव्हा एका बाजूला गुलाल उधळला गेला आणि दुसऱ्या बाजूला त्या निर्णयाच्या प्रती फाडल्या गेल्या. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे या घुसळणीत अग्रभागी होते. मात्र या साऱ्या बोलण्यात एक गोष्ट अपवादानेही आढळली नाही. मराठा समाजाच्या सभेत उभे राहून ओबीसींना वाटणारी भीती समजावून सांगणारा मराठा वक्ता दिसला नाही आणि ओबीसी मेळाव्यात कोरडवाहू मराठा शेतकऱ्याची दैना मांडणारा ओबीसी वक्ताही दिसला नाही. प्रत्येक जण आपल्याच माणसांसमोर, त्यांना आधीपासून पटलेलेच सांगत राहिला. टाळ्या भरपूर पडल्या. एकाचेही मत बदलले नाही.

याला कायद्याची बंदी आहे असे मुळीच नव्हे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकावरून राज्यात मतस्वातंत्र्याची चर्चा झाली आणि ती होणे आवश्यकच होते. परंतु गावाच्या पारावर किंवा शहरातल्या गृहनिर्माण वसाहतीत माणूस जेव्हा मनातले मत गिळतो, तेव्हा त्याला पोलिसांची धास्ती नसते. त्याला भीती असते ती भावकीची, सोयऱ्यांची, दुकानातल्या गिऱ्हाइकांची. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मराठवाड्यातील अनेक गावांच्या वेशीवर पुढाऱ्यांना प्रवेशबंदीचे फलक लागले, ते सर्वांना दिसले. न दिसणारी प्रवेशबंदी मतांना होती, आणि ती पुढाऱ्यांवरील बंदीपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळली गेली.

हे अन्यत्र कोठे घडले असते तर त्याचे एवढे आश्चर्य वाटले नसते. नांदेडमध्ये ते घडावे याचे वाटते, कारण समोरच्या श्रोत्यांना न आवडणारे मत त्यांच्याच तोंडावर मांडण्यात ज्याला मनापासून आनंद वाटे, असा महाराष्ट्रातला एक फार मोठा वादपटू याच शहराने जोपासला होता. नरहर कुरुंदकर हे नाव आज नांदेडमध्ये आदराने घेतले जाते. ते आदराने घेणे सोपे आहे. त्यांच्यासारखा युक्तिवाद शेजारी बसलेल्या माणसाकडून ऐकून घेणे कठीण.

१५ जुलै १९३२ रोजी तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील नांदापूर येथे कुरुंदकरांचा जन्म झाला. हैदराबादेत शिकत असताना ग्रंथालयाशी त्यांची गट्टी जमली, पण इंटरच्या परीक्षेशी बरेच दिवस जमले नाही. पुढे नांदेडला प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक, मग पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक आणि अखेर तेथेच प्राचार्य, असा त्यांचा प्रवास झाला. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत एका कार्यक्रमात व्यासपीठावरच त्यांना मृत्यूने गाठले, तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. तेवढ्या आयुष्यात त्यांनी भरताचे नाट्यशास्त्र, रिचर्ड्सची कलामीमांसा, महाभारत, मनुस्मृती, शिवचरित्र, गांधी, नेहरू, हैदराबादचा मुक्तिसंग्राम आणि मुस्लिम राजकारण अशा एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या विषयांवर लिहिले आणि त्याहून कितीतरी अधिक ते बोलले. व्याख्यानमालांच्या निमित्ताने सारा महाराष्ट्र त्यांनी पालथा घातला.

यातील प्रत्येक विषयात कुरुंदकरांची भूमिका कोणाला ना कोणाला टोचणारी होती. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘शिवरात्र’ या लेखसंग्रहात गांधीहत्येच्या समर्थकांची आणि संघाच्या विचारसरणीची त्यांनी केलेली चिकित्सा आहे आणि मुस्लिम राजकारणाची तितकीच परखड चिकित्साही आहे. हे पुस्तक गेली पाच दशके अर्धे-अर्धे वाचले जात आहे. संघाच्या विरोधकांना त्यातला एक अर्धा भाग पाठ असतो, संघाच्या समर्थकांना दुसरा. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांना घेऊन सचिवालयावर मोर्चा नेला आणि २२ मार्च १९७० रोजी मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. दलवाईंच्या पाठीशी जाहीरपणे उभ्या राहिलेल्या मोजक्या हिंदू विचारवंतांमध्ये कुरुंदकर होते. मुस्लिम वस्ती मोठी असलेल्या नांदेडसारख्या शहरात राहून त्यांनी ती भूमिका घेतली, आणि हिंदू धर्मग्रंथांवर त्याहून कठोर टीका ते त्याच शहरात करत राहिले.

नुसता विरोध करणारे पुष्कळ असतात. कुरुंदकरांचे वेगळेपण त्यांच्या पद्धतीत होते. जे मत खोडायचे ते आधी त्याच्या सर्वोत्तम रूपात मांडायचे, त्या मताच्या पुरस्कर्त्यांना सुचले नसतील असेही मुद्दे त्याच्या बाजूने उभे करायचे, वाचक जवळजवळ त्या बाजूला झुकला की मग एकेक विटेवर बोट ठेवत ती भिंत उतरवायची, ही त्यांची रीत. मनुस्मृतीवरील व्याख्यानांत ही रीत विशेष स्पष्ट दिसते. मनुस्मृती जाळावी असे मानणाऱ्यांपैकी आपण आहोत, हे ते आरंभीच सांगून टाकतात. म्हणजे बाजू लपवलेली नाही. पण त्यानंतर ते शिव्याशाप देत बसत नाहीत. त्या ग्रंथाचे समर्थक काय म्हणतात, कोणते श्लोक पुढे करतात, त्या श्लोकांचा संदर्भ कोणता, ग्रंथाला समाजात प्रामाण्य कसे मिळाले, हे सारे ते एखाद्या शास्त्र्याच्या बारकाईने उलगडतात. ग्रंथ जाळणाऱ्यांनीही तो आधी वाचलेला असावा, अशी त्यांची अपेक्षा असावी. ती दोन्ही बाजूंना गैरसोयीची होती.

शिवाजी महाराजांविषयीचे त्यांचे लेखन हे आणखी धाडसाचे उदाहरण. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या १९६८ च्या कादंबरीला प्रस्तावना म्हणून छापलेले त्यांचे दीर्घ पत्र आजही कादंबरीइतकेच वाचले जाते. अफझलखानाचा वध, शाहिस्तेखानावरचा छापा, आग्र्याहून सुटका हे महाराष्ट्राच्या अभिमानाचे प्रसंग; कोणत्याही पोवाड्याचा प्राण तोच. कुरुंदकर विचारतात ते असे, की हे नाट्यमय प्रसंग बाजूला ठेवले तर या राजाच्या मोठेपणाचे स्पष्टीकरण काय उरते? १६८९ मध्ये संभाजीराजांचा अंत झाला, त्यानंतर औरंगजेब १७०७ मध्ये दख्खनच्या मातीत मरेपर्यंत सामान्य माणसे लढत राहिली, ती का, याचे उत्तर ते शिवाजीच्या कारभारात शोधतात. शिवप्रेमी वाचकाला आवडत्या प्रसंगांपासून दूर न्यायचे आणि शेवटी त्याच्या मनातला शिवाजी अधिक मोठा करून परत द्यायचा, हे काम सोपे नाही. आज कोणी सभेत त्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग उच्चारला तर दुसरा उच्चारेपर्यंत त्याला उभे राहू देतील काय, याची शंकाच आहे.

भारतीय शास्त्रपरंपरेत या रीतीला नाव आहे. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. पूर्वपक्ष म्हणजे प्रतिपक्षाची बाजू, आणि ती कमकुवत करून मांडणे हा पांडित्याचा दोष समजला जाई. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकारही केले. सत्य कळावे म्हणून होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा कोणताच पक्ष न ठेवता फक्त समोरच्याचे खोडत राहणे ती वितंडा. मराठीत या शब्दांची जी गत झाली ती बोलकी आहे. जल्प हा शब्द व्यवहारातून गेला. वृत्तवाहिन्यांवर रोज रात्री चालणारा प्रकार नेमका तोच असूनही त्याला चर्चा म्हणण्याचा प्रघात पडला. वितंडा ‘वितंडवाद’ होऊन निव्वळ शिवी बनली. आणि वाद? ज्या दोन घरांत वाद आहे त्या दोन घरांत बोलणे बंद असते, असा आज त्या शब्दाचा अर्थ. बोलण्याचे नाव अबोल्याला मिळाले.

लोकांना न रुचणारे मत मांडण्यात एक सुख असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. चारचौघांत आपण एकटेच वेगळे बोललो, याची एक धुंदी असते. ती धुंदी हेच साध्य झाले की माणूस वितंडेकडे घसरतो. समोरचा पूर्व म्हणाला की हा पश्चिम म्हणणार. अशा विक्षिप्तांना मराठवाड्यात तोटा नाही आणि त्यांना कुरुंदकरांचे वारस समजण्याचे कारण नाही. विरोधी बाजू आपल्यालाच अधिक चांगली मांडता येते की नाही, ही त्यातली कसोटी. ती ज्याला येत नाही त्याचे अप्रिय मत म्हणजे केवळ हट्ट.

परंतु कुरुंदकर एकट्या कुरुंदकरांमुळे घडले नाहीत. निजामी राजवटीत गश्ती निशाण ५३ या फर्मानाने जाहीर सभेसाठी सरकारी परवानगी सक्तीची केली होती. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. त्यामुळे राजकीय बोलणे वाचनालयांत, साहित्य परिषदांत, गणेशोत्सवांत आणि शाळांत शिरले. स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शिक्षक, हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांतून पुढे आलेले, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले आणि अवघ्या दोन वर्षांत, १९५० साली, स्वामीजींच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. परवानगीवाचून सभा घेता येणे हीच ज्या पिढीला नवलाई होती, ती पिढी तेथे श्रोत्यांत बसलेली होती. न पटणारे ऐकून घेणे हा तिला स्वातंत्र्याचा भाग वाटे. कुरुंदकरांना नांदेडमध्ये मिळाले ते हे श्रोते.

या चित्राला अर्थातच दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते श्रोते बव्हंशी शिकलेले, बव्हंशी पुरुष आणि बऱ्याच अंशी वरच्या जातींतले होते. प्राध्यापकाने अप्रिय मत मांडले तर त्याच्यावर टीकेचे लेख येतात. गावकुसाबाहेरच्या माणसाने मांडले तर काय होते, ते १९७८ ने दाखवले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातील गावागावांतून दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. त्या वेळी नामांतराच्या विरोधात केवळ गुंड नव्हते. गोविंदभाई श्रॉफांसारखे मुक्तिसंग्रामातून तावून-सुलाखून निघालेले नेते होते आणि ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेरावही होते. प्रादेशिक अस्मितेचा त्यांचा युक्तिवाद सभागृहात खोडता आला असता. पण जाळपोळ सुरू झाल्यावर सभागृहाला अर्थ उरला नाही. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मतभेदाचा आनंद ही सर्वांना सारख्या किमतीत मिळणारी वस्तू नाही. ज्यांच्यासाठी ती स्वस्त आहे, त्यांच्यावर ती अधिक वापरण्याची जबाबदारी येते.

तरीही वाद घालण्याची ही वृत्ती वरच्या जातींपुरती राहिली नाही, हे नांदेडच्याच दत्ता भगत यांनी दाखवून दिले. त्यांच्या ‘वाटा पळवाटा’ या नाटकात दलित समाजातल्या तीन पिढ्या एकमेकांशी भांडतात: बाबासाहेबांच्या काळातला वृद्ध कार्यकर्ता, मध्यम वाटेने जाणारा प्राध्यापक आणि उतावळा तरुण. नाटककार कोणालाही खलनायक करत नाही. चळवळीच्या बाहेरच्या शत्रूवर तुटून पडणे सोपे असताना चळवळीच्या आतला मतभेद रंगमंचावर मांडणे, तेही आपल्याच प्रेक्षकांसमोर, याला वेगळी छाती लागते.

मग हे सारे विरले कसे? याचे एक उत्तर नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आता तर ते दोन्ही शहरांत सारखेच आहे. १९७० साली स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून लातूर पॅटर्न निघाला. जादा तास, घोटून सराव, चाचणीमागून चाचणी. महानगरांतल्या विचारवंतांत या पॅटर्नला नाके मुरडण्याची फॅशन जुनी आहे. तेव्हा इथे त्याचा पूर्वपक्ष मांडायला हवा. ज्या मुलाच्या घरात इंग्रजी पुस्तक नव्हते, ज्याचा बाप उदगीर किंवा मुखेडच्या शिवारात कोरडवाहू जमीन कसत होता, त्याला वैद्यकीय महाविद्यालयाचा दरवाजा या पॅटर्नने दाखवला. पुण्या-मुंबईच्या मुलांना घरातच मिळणारे भांडवल त्याने तालमीने मिळवले. याला घोकंपट्टी म्हणून हिणवणे हे ज्यांची पोटे भरलेली आहेत त्यांचे लक्षण.

एवढे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. नीटच्या प्रश्नपत्रिकेत १८० प्रश्न असतात आणि गुण ७२०. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, त्यातला एक बरोबर, चूक ठरला तर गुण वजा. २०१७ नंतर वैद्यकीय प्रवेशाचा सारा भार या एकाच परीक्षेवर आला आणि लातूर-नांदेडमधील हजारो मुलांची सतराव्या-अठराव्या वर्षांची उमेद या चार वर्तुळांत बंदिस्त झाली. परीक्षा म्हणून त्यात गैर काही नाही. गैर आहे ते याच वयात दुसरे काहीच न घडण्यात. एखाद्या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे असू शकतात आणि ती एकमेकांच्या विरोधात असू शकतात, हा अनुभव या मुलांना कोठेच येत नाही. महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत संघातला एक अनुकूल बोले, दुसरा प्रतिकूल. भाषणे बऱ्याचदा पाठ केलेली असत, खंडन नावापुरते असे, हे खरे. तरी आपल्याला न पटणारी बाजू सात-आठ मिनिटे प्रामाणिकपणे लढवण्याची सक्ती त्यात होती. शिकवणी वर्गाच्या वेळापत्रकात अशा सक्तीला जागा नाही, आणि जून २०२४ मध्ये नीट गैरप्रकाराचे धागेदोरे लातूरपर्यंत येऊन पोहोचले, तेव्हाही शहरात चर्चा झाली ती प्रामुख्याने पॅटर्नच्या बदनामीची.

आरक्षणाच्या प्रश्नाकडे या दृष्टीने पाहिले तर दोन्ही पूर्वपक्ष किती भक्कम आहेत, ते ध्यानात येते. मराठा पक्ष असा: विदर्भात कुणबी म्हणून नोंद असलेल्यांना ओबीसींच्या सवलती मिळाल्या, पण मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्यामुळे तेथील नोंदी वेगळ्या कागदांत, वेगळ्या लिपीत, वेगळ्या दप्तरांत राहिल्या. केवळ सरहद्दीमुळे एका शेतकऱ्याला हक्क आणि दुसऱ्याला नाही, हा न्याय कसा? पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन जमीन गुंठ्यांवर आली आणि सत्तेतल्या आपल्या मूठभर घराण्यांचा दाखला देऊन समाजाला श्रीमंत ठरवले गेले. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीचा कायदा रद्द केला. फेब्रुवारी २०२४ मधील १० टक्क्यांचा कायदाही न्यायालयाच्या दारात गेला. मग कुणबी नोंदीखेरीज टिकाऊ मार्ग कोणता?

ओबीसी पक्ष असा: ज्या जातींची गावात चार-दोन घरे आहेत, त्यांना सरपंचपदाच्या खुर्चीपर्यंत जाण्याचा आरक्षण हा एकमेव रस्ता. २०२१ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतले हे आरक्षण न्यायालयात अडखळले आणि बांठिया आयोगाच्या अहवालानंतर जुलै २०२२ मध्ये ते परत मिळाले, तेव्हा ते किती ठिसूळ आहे हे सर्वांना कळले. संख्येने आणि जमिनीने मोठा असलेला समाज त्याच कोट्यात आला, तर सुतार, न्हावी, धनगर, वंजारी यांच्या वाट्याला काय उरणार? गरिबीवर उपाय हवाच, पण गरिबी आणि सामाजिक मागासलेपण या दोन गोष्टी राज्यघटनेनेच वेगळ्या मानल्या आहेत.

यातला पहिला परिच्छेद ओबीसी मेळाव्यात आणि दुसरा मराठा सभेत वाचून दाखवणारा माणूस आज नांदेड-लातूरमध्ये मिळेल काय? मिळाला तर त्याला ‘फितूर’ हे विशेषण तयार आहे. दोन्ही समाजांना एकमेकांची बाजू ठाऊक नाही असे नव्हे. खासगीत, चहाच्या टपरीवर, दोघेही ती मान्य करतात. ती चारचौघांत मान्य करणे म्हणजे आपल्या माणसांशी द्रोह, असे समीकरण तेवढे पक्के झाले आहे.

जातीचा प्रश्न नाजूक म्हणून तसे होते, असे कोणी म्हणेल. तर मग उसाचे काय? त्याला तर जात नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली. मांजरा धरण कोरडे पडले होते, पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. ज्या शहराला प्यायचे पाणी रेल्वेने आणावे लागते, त्याच्या परिसरात ऊस असावा काय, हा प्रश्न तेव्हा देशभर विचारला गेला. लातुरात मात्र तो दबक्या आवाजातच विचारला गेला. तुटीच्या खोऱ्यांतील उसाविषयीचा इशारा चितळे आयोगाने १९९९ सालीच दिला होता. २०१९ मध्ये औरंगाबादच्या विभागीय आयुक्तांच्या अहवालाने मराठवाड्यात उसावर बंदीचीच शिफारस केली. अहवाल दप्तरात गेला, ऊस वाढतच राहिला. वर्षाकाठी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी मागणारे पीक घेणे वेडेपणाचे आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

पण ऊस लावणारा शेतकरी वेडा नाही, आणि उसाच्या टीकाकारांनी हा पूर्वपक्ष कधी मनापासून मांडलेला नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि सोयाबीनची मोठी बाजारपेठ असलेल्या लातूरच्या आडतीत भाव त्याखाली होते. त्याच हंगामात उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती. कारखान्याने ऊस नेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असे कायदा सांगतो. कारखाने रखडवतात हे खरे, पण दर ठरलेला आणि गिऱ्हाईक ठरलेले. गारपिटीने सोयाबीन झोपते, ऊस बहुधा तग धरतो. हमीभाव कागदावर आणि खरेदी केंद्र बंद, अशी अवस्था असताना शेतकऱ्याने खात्रीचे पीक का सोडावे? पाण्याची बचत हवी असेल तर आधी सोयाबीन आणि तुरीला उसासारखी खात्री द्या, हा युक्तिवाद खोडणे बंदीच्या शिफारशीइतके सोपे नाही. त्याला उत्तर द्यायचे तर बाजारभावाचे, साठवणुकीचे, ठिबकच्या अनुदानाचे आणि धरणातल्या पाणीवाटपाचे आकडे समोर ठेवावे लागतील. आणि ते उत्तर पुण्याच्या परिसंवादात देऊन उपयोग नाही. ते लातूर तालुक्यातल्या ऊस उत्पादकांसमोर द्यायला हवे.

त्यासाठी वेगळे व्यासपीठ उभारण्याचीही गरज नाही. सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. प्रत्येक सभासदाला तेथे प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे आणि समोर बसलेला प्रत्येक माणूस या प्रश्नाशी पोटाने बांधलेला आहे. मांजरा आणि तेरणेच्या पाण्याचा, ऊसक्षेत्राच्या मर्यादेचा, पर्यायी पिकांना कारखान्याने आधार देण्याचा विषय काढायला याहून योग्य जागा नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक कारखान्यांच्या सभा कशा होतात, ते सर्वश्रुत आहे. विषयपत्रिका वाचायला सुरुवात होते, पहिल्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’चा गजर उठतो, अर्ध्या तासात सारे ठराव संमत होतात आणि ज्याने ध्वनिक्षेपक मागितला त्याच्या हाती तो येईपर्यंत राष्ट्रगीत सुरू झालेले असते. मराठवाड्यात या सभांचा हंगाम आणि १७ सप्टेंबरचा मुक्तिदिन एकाच महिन्यात येतात.